वटवाघूळ, सिंह आणि बेडकांचा भात

माझ्या मुलीच्या लग्नाचं जेवण कुठे होणार, हे शेवटी एका गॅरेजच्या अंगणात, बेडकांच्या गराड्यात, तोंडात गरम भात धरून ठरलं.

आमची एम्पार नोकरीसाठी बिल्बाओला गेली आणि तिथल्या उनाईच्या प्रेमात पडली. मुलगा चांगला आहे. उंच आहे, कमी बोलतो आणि पुढ्यात येईल ते सगळं खातो. अडचण होती त्याच्या बापाची, म्हणजे माझ्या होणाऱ्या व्याह्याची. कोल्दो त्याचं नाव. लग्न आपल्याच गावात व्हावं, कॉड मासा आणि दाराच्या फळीएवढं गोमांस भाजून लोकांना घालावं, असा त्याचा हट्ट. माझं म्हणणं, लग्न व्हॅलेन्सियात, माझ्या संत्र्यांच्या बागेत, झाडाखाली टेबलं मांडून, आणि जेवायला पाएया, म्हणजे त्याच नावाच्या पसरट कढईत लाकडांवर शिजवलेला आमचा भात. पोरांनी हात झटकले. "तुम्ही दोघं ठरवा, आम्ही येतो," म्हणाली.

आता यात माझ्या सासूबाई होत्या. त्यांना प्रवास झेपत नाही. झेपत नाही तो फक्त प्रवासच. मला बोल लावणं वगैरे बाकी सगळं उत्तम झेपतं. त्यांनी जाहीर केलं होतं, "लग्न तिकडे नेलंत तर मी इथे मरेन. आणि मुद्दाम त्याच दिवशी मरेन." आणि माझी बायको तोनिका मला रोज सकाळी कॉफी देताना एवढंच विचारायची, "बोललास का व्याह्यांशी?"

शेवटी फोनवर कोल्दोनंच मार्ग काढला.

"हे बघा व्याही," तो म्हणाला, "मी तरुण होतो तेव्हापासून आमच्या सिंहांच्या मागे तुमच्या शहरात येतोय. दर वेळी स्टेडियमजवळ पाएया खाल्ली. दर वेळी पिवळी खळ. पोस्टर चिकटवायला चांगली. येत्या रविवारी आमची मॅच तुमच्याकडे आहे. स्टेडियमचा आवाज ऐकू येईल इतक्या जवळ मला एकदा चांगली पाएया खायला घाला. लग्न तुमच्या बागेत. नाही जमलं तर बिल्बाओला, आणि तुम्ही आमची गोल टोपी घालून नाचायचं."

सिंह म्हणजे त्यांचा फुटबॉलचा संघ. आमच्या संघाच्या बिल्ल्यावर वटवाघूळ आहे, म्हणून आम्ही वटवाघळं. आणि आमच्याच शहरात नको तो आणखी एक संघ आहे. त्यांना बेडूक म्हणतात. त्यांच्याविषयी एरवी मी बोलत नाही.

मी फोनवर हसलोच. स्टेडियमच्या मागच्या गल्लीत रेमेइची खानावळ आहे. संत्र्याच्या लाकडांवर शिजवते. तिच्या भाताला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही, आणि व्हॅलेन्सियात भाताला नाव न ठेवणं म्हणजे काय ते आमच्या माणसालाच कळेल. "ठरलं," मी म्हणालो आणि फोन ठेवून तोनिकाला सांगितलं, "लग्न इथेच. टेबलं मोजायला घे."

रविवारी कोल्दो बसमधून उतरला तो लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घालून. हा एवढा माणूस. सकाळपासून काही खाल्लेलं नाही, म्हणाला.

"न्याय करायचा तर पोट रिकामं हवं."

माझ्याबरोबर माझा मेहुणा नेलो होता. आम्ही दोघंही गळ्यात वटवाघळांचे मफलर घालून. रस्त्यावर झेंडे, पोलिसांचे घोडे, भोंगे, बिअरचे ग्लास घेऊन गाणारी पोरं. त्यातून वाट काढत मी व्याह्याला ऐटीत रेमेइच्या दारापर्यंत नेलं.

शटर खाली होतं. शटरवर पुठ्ठा लावलेला.

मी वाचायला उशिरा शिकलो, त्यामुळे वाचताना माझे ओठ हलतात आणि आवाजही निघतो. म्हणून पुठ्ठा तिघांनाही ऐकू गेला.

"सं-घा-च्या हि-ता-सा-ठी बं-द."

"म्हणजे?" कोल्दोनं विचारलं.

मी वर बघितलं. गच्चीच्या कठड्याशी रेमेइ गाऊनवर उभी होती आणि कुंडीला पाणी घालत होती.

"रेमेइ! शटर का खाली?"

"वाचलंस ना आत्ता? अर्ध्या गल्लीनं ऐकलं."

"अगं, आज मॅच आहे!"

"म्हणूनच. मी चूल पेटवली की आपण हरतो. मागच्या मॅचला हरलो, त्याच्या मागच्याला हरलो, त्याच्या मागच्याला पेनल्टी खांबावर गेली. दर वेळी माझी पाएया होती. समर्थक मंडळात ठरावच झालाय. आपण जिंकेपर्यंत मी मॅचच्या दिवशी पळीला हात लावायचा नाही."

"कुठल्या गाढवानं मांडला हा ठराव?"

रेमेइनं झारीची चोच माझ्या शेजारी वळवली. नेलो समोरच्या छपरावरच्या कबुतराकडे फार लक्षपूर्वक बघत होता.

"नेलो?"

"दाजी, तुम्हीच बघा ना, दर वेळी तिची पाएया आणि दर वेळी हार. योगायोगाला पण काही मर्यादा असते."

"मला विचारायचं तरी!"

"तुला कशाला विचारायचं?" रेमेइ वरून म्हणाली. "तूही हात वर केला होतास, वोरो. माझ्या डोळ्यांनी बघितलं."

मला आठवलं. मला वाटलं होतं आणखी बिअर कुणाकुणाला हवी ते विचारतायत.

"रेमेइ, आजचा दिवस कर. एम्पारच्या लग्नाचा प्रश्न आहे."

"आणि संघ खालच्या विभागात घसरला तर? मग त्या पोरीला मी काय तोंड दाखवू? नाही बाबा. माझ्या हातून पाप नको." आणि उरलेलं पाणी कुंडीत ओतून ती आत गेली.

कोल्दोनं खिशातून हात काढले आणि पाठीमागे बांधले.

"बिल्बाओत जून महिना छान असतो," तो म्हणाला. "पाऊस कमी असतो. म्हणजे येतो रोज, पण कमी."

तेव्हा आम्ही शोधायला निघालो. आता मॅचच्या दिवशी स्टेडियमभोवती खायला काय कमी असतं? पण खायला मिळणं वेगळं आणि पाएया मिळणं वेगळं. पहिल्याच हॉटेलापुढे उंच फलक, त्यावर पाएयाचा चकचकीत फोटो, कोळंब्या कवायतीला उभ्या केल्यासारख्या.

"इथे फोटो आहे," कोल्दो म्हणाला.

"म्हणूनच इथे नाही," मी म्हणालो आणि त्याला दंडाला धरून पुढे काढलं.

दुसऱ्या ठिकाणी वेटर अदबीनं म्हणाला, "बसा ना. पाएया दहा मिनिटांत आणतो."

"दहा मिनिटांत?" नेलोचा आवाज चिरका झाला. "दहा मिनिटांत आमच्याकडे लाकडं कोणी रचायची यावरचं भांडणसुद्धा संपत नाही! काय करता, नळ सोडता की काय पाएयाचा?"

"गोठवलेली असते, साहेब. चांगली कंपनी आहे."

नेलोला पाणी द्यावं लागलं.

तिसऱ्या ठिकाणी एक जोडपं खिडकीशी बसून खात होतं. भातात मटार होते. मटार मी एक वेळ डोळे मिटून सोडून दिले असते, पण मटारांच्या मध्ये सॉसेजच्या लाल चकत्या होत्या. नेलोनं दिव्याचा खांब धरला. मी टोपी काढली. का काढली ते सांगता येत नाही, पण तसं वाटलं.

"मला चालेल ही," कोल्दो म्हणाला. तो काचेला नाक लावून उभा होता. "चांगली दिसते."

"तुम्हाला चालेल. मला नाही चालणार."

चौथं ठिकाण बरं होतं. स्वच्छ होतं, आतून ससा शिजल्याचा वास येत होता, भिंतीवर आमच्या संघाचे जुने फोटो होते. कोल्दो तर खुर्ची ओढून बसलासुद्धा. त्यानं रुमाल गळ्याला लावला. मी मेनू हातात घेतला. उशिरा वाचायला शिकलेल्या माणसाची एक खोड असते, तो सगळं वाचतो, तळाचं बारीक अक्षरसुद्धा. कोंबडी, ससा, घेवडा, पांढरे पावटे, केशर असं वाचत वाचत मी खाली आलो आणि माझे ओठ थांबले.

"काय झालं?" नेलोनं विचारलं.

"कांदा," मी म्हणालो.

"नाही!"

"आहे. छापलाय."

आम्ही दोघं उठलो. कोल्दो उठला नाही.

"व्याही," तो म्हणाला, "कांद्यानं काय होतं?"

"भात गिजगोळा होतो. आणि आईची मान खाली जाते."

"माझं पोट पाठीला लागलंय. मी आता तुमचा मफलर खाईन."

नेलोनं मला बाजूला घेतलं. "दाजी, एक बोलू? आपल्याला चांगली कुठे शोधायचीय? ती त्यांना चांगली वाटली की झालं. आणि ते आता इतके भुकेलेत की त्यांना खुर्ची पण चांगली लागेल. बसू या. खातील, हो म्हणतील, लग्न आपल्याकडे. कांद्याचं आपल्या तिघांत राहील."

बोलणं शहाणपणाचं होतं. मी तोनिकाचा विचार केला, सासूबाईंचा केला, एम्पारचा केला. मग अशी कल्पना केली की म्हातारपणी नातवंडं विचारतायत, आजोबा, आईबाबांचं लग्न इथे कसं ठरलं? आणि मी म्हणतोय, कांद्यामुळे.

"एम्पारचा संसार कांद्यावर उभा राहणार नाही," मी म्हणालो आणि बाहेर पडलो. मागून कोल्दो आला, रुमाल तसाच गळ्याला.

आता सामना सुरू व्हायला फार वेळ नव्हता. लोक फाटकांकडे सरकू लागले होते. आमचीही तिकिटं माझ्या खिशात होती. कोल्दो काही बोलत नव्हता, फक्त अधूनमधून "गोल टोपी तुमच्या डोक्याला बसेल बहुतेक" असं म्हणत होता. मी मनातल्या मनात सासूबाईंसाठी फुलं ठरवायला लागलो.

तेवढ्यात नेलो थांबला. त्यानं नाक वर केलं.

"दाजी. संत्र्याचं लाकूड."

मलाही आला. आधी धूर, मग त्यामागून ससा, मग रोझमेरी. आम्ही तिघंही कुत्र्यासारखे नाकामागून चालायला लागलो. स्टेडियमच्या भिंतीला धरून, कचऱ्याच्या पेट्यांमागून, एका बोळात. बोळाच्या टोकाला गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज होतं. शटर अर्धं वर. वाकून आत गेलो तर मागे छोटं अंगण, अंगणाची मागची भिंत म्हणजे स्टेडियमचीच भिंत, आणि मधोमध विस्तवावर ट्रकच्या चाकाएवढी पाएया.

मी आधी भाताकडे बघितलं, माणसांकडे नंतर. तिथेच चुकलं. भातात ससा होता, कोंबडी होती, हिरवा चपटा घेवडा, पांढरे पावटे, गोगलगायी, आणि भाताचा थर बोटाच्या पेराएवढासुद्धा जाड नव्हता. बुडबुडे थांबून आता तळाशी बारीक चटचट सुरू झाली होती. भात तळाला धरत होता. ती खरपूस खरवड, जिच्यासाठी भाऊ भावाशी बोलायचा बंद होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग मी माणसांकडे बघितलं. सगळ्यांच्या अंगावर निळे-लाल सदरे. आणि पळी धरून उभ्या असलेल्या माणसाच्या मानेवर हिरवा बेडूक गोंदलेला.

"अरे देवा," नेलो म्हणाला.

"वटवाघळं!" बेडूकवाला ओरडला. त्याचं नाव सेंतो, हे त्याच्या गॅरेजच्या पाटीवर होतं. "दोन वटवाघळं आत शिरलीत! आणि हा तिसरा कोण? सिंह? या, या, या! अरे, खुर्ची द्या सिंहाला! आज तुमच्याचसाठी चाललंय हे सगळं!"

"माझ्यासाठी?" कोल्दो म्हणाला. त्याला कोणीतरी बसवलं, कोणीतरी हातात वाईन दिली.

"वटवाघळांची मॅच असली की आम्ही इथे भात लावतो," सेंतो म्हणाला, "ते हरावेत म्हणून. या भिंतीला लागूनच लावायचा. लांबून लावला तर गुण येत नाही. गेल्या काही मॅचेस बघा ना, कसा गुण आलाय."

नेलोनं आणि मी एकमेकांकडे बघितलं. रेमेइ बिचारी गच्चीवर कुंड्यांना पाणी घालत होती.

"तुम्ही दोघं बाहेर," सेंतो म्हणाला. "वटवाघळं उलटी लटकून खातात. भात सांडतो."

मी बाहेर जायला तयार होतो. व्याह्याला भात मिळाला की झालं. पण कोल्दो खुर्चीतून उठला. गळ्यातला रुमाल ठीक केला आणि म्हणाला, "नाही. ठरलं होतं, व्याह्यांनी मला खायला घालायचं. यजमान रस्त्यावर आणि मी ताटावर, हे त्यांनी घातलेलं जेवण होत नाही. ते नसतील तर मी खातो, पण लग्न बिल्बाओला."

"कसलं लग्न?" सेंतोनं विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. एम्पार, उनाई, बाग, सासूबाई, त्याच दिवशी मरण्याची धमकी, कांदा. कांद्यापाशी बेडकांमध्ये कुजबुज झाली. एक म्हातारा बेडूक म्हणाला, "आणि कांदा बघून तू उठून आलास?"

"उठून आलो."

"मेहुणा बस म्हणत असताना?"

"हो."

"सेंतो, वटवाघूळ असलं तरी बाप आहे रे."

सेंतोनं पळीनं मान खाजवली. "बसा. पण ते मफलर काढायचे आणि आमचे घालायचे. आणि एक लक्षात ठेवा. ही भिंत पातळ आहे. पलीकडे तुमच्या संघानं गोल केला तर हूं नाही की चूं नाही. आनंद दिसला तर चमचे काढून घेणार. तिघांचे. सिंहाचाही, कारण तो तुमचा पाहुणा."

माझे वडील वटवाघूळ होते, आजोबा वटवाघूळ होते. मी बेडकाचा मफलर गळ्यात घातला. तो उबदार होता, त्याचाच मला जास्त राग आला. नेलोनं आपला मफलर दोन बोटांनी धरून घातला, जसा कोणी मेलेला उंदीर धरतो.

सेंतोनं पाएया विस्तवावरून उचलून पिंपावर ठेवली. भात जरा मुरायला हवा होता. गोगलगायी किती घालाव्या यावरून त्यांच्यात सकाळी भांडण झालं होतं म्हणून इतका उशीर, असं म्हातारा बेडूक म्हणाला. पलीकडे शिट्टी वाजली आणि सामना सुरू झाला. तिकिटं माझ्या खिशात टोचत होती. मी मुकाट्यानं लाकडी चमचा घेतला.

आमच्याकडे पाएया ताटात वाढत नाहीत. सगळे भोवती बसतात आणि प्रत्येकजण आपल्यासमोरचा भात खातो, बाहेरून आत, त्रिकोण करत. तुझा त्रिकोण तुझा, माझा माझा. मधे रेघ मारलेली नसते, पण असते. कोल्दो माझ्या आणि नेलोच्या मधे बसला होता. त्याला हे मी समजावून सांगितलं. त्यानं मान हलवली आणि पहिला चमचा तोंडात घातला.

काही बोलला नाही.

दुसरा घातला. काहीच नाही. चेहऱ्यावरची एक रेष हलेना. मी खात होतो पण माझं लक्ष त्याच्या जबड्याकडे होतं. आणि भात? मी दोष शोधला, खरंच मन लावून शोधला. मीठ बघितलं, केशर बघितलं, ससा हाडापासून सुटतो का बघितलं. नेलो कानाशी कुजबुजला, "दाजी, घेवडा जरा जास्त शिजलाय ना?" "नाही शिजला," मी म्हणालो. त्याचाही आवाज रडका होता, माझाही.

"कसा आहे?" मी शेवटी कोल्दोला विचारलं.

कोल्दोनं हातानं थांबा अशी खूण केली. खाताना तो बोलत नसे.

आणि तेव्हाच पलीकडे गोल झाला.

कुणाचा, ते विचारायची गरज नव्हती. भिंत थरथरली, पिंप थरथरलं, पाएयाच्या कडेवरचे भाताचे दाणे उडाले. हजारो वटवाघळं एका दमात ओरडली आणि त्यांतली दोन भिंतीच्या या बाजूला चमचा तोंडात धरून बसली होती. माझं सगळं अंग उडायला बघत होतं. पाय जमिनीवर राहीनात. मी चमचा दातांनी इतका घट्ट धरला की लाकूड करकरलं. नेलोनं काय केलं, तर वाफाळता भात ढिगानं तोंडात कोंबला आणि तोंड मिटून घेतलं. त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

बेडकांचे चमचे हवेत थांबले होते. सेंतो आमच्याकडे बघत होता.

"तू का रडतोस?"

"भात," नेलो कसाबसा म्हणाला. "फार… चांगला… झालाय."

"आणि तू?"

"मला वाईट वाटतंय," मी म्हणालो.

"दिसत नाही."

मी डोळे मिटले. बिल्बाओचा पाऊस आणला डोळ्यांपुढे. गोल टोपी घालून नाचणारा मी. इकडे सासूबाई, मुद्दाम, त्याच दिवशी. आणि तोनिका, पुढची सगळी वर्षं, रोज सकाळी, कॉफी देताना. माझा चेहरा असा काही पडला म्हणे, की म्हाताऱ्या बेडकानं उठून माझ्या पाठीवर हात ठेवला. "असू दे, असू दे," म्हणाला. "उरलाय अजून वेळ. हरतील ते."

सेंतोचं समाधान झालं. तो कोल्दोकडे वळला.

"सिंहा, वाईट झालं."

"कशाचं?" कोल्दोनं मान वर केली नाही.

"गोल झाला ना."

"कुणावर?"

बेडकांनी माना वळवून त्याच्याकडे बघितलं. भिंतीपलीकडे अजून गाणी चालली होती, आमच्याच गोलाची, आणि तरुणपणापासून सिंहांच्या मागे गावोगाव फिरलेला हा माणूस खाली मान घालून तळ खरवडत होता. त्याचा त्रिकोण संपला होता. लोखंड दिसत होतं. आणि त्याचा चमचा रेघ ओलांडून माझ्या त्रिकोणात आला होता. मी कडेला, शेवटासाठी, मुद्दाम राखून ठेवलेली खरवड तो एका कोपऱ्यातून उचकटत होता.

"ए!" एक बेडूक ओरडला. "रेघ ओलांडली!"

"दुसऱ्याच्या खरवडीला हात?" सेंतो पळी घेऊन उठला. "सिंह असला म्हणून काय झालं? चमचा काढून घ्या त्याचा!"

खरं सांगायचं तर दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मीच त्याचा चमचा काढून घेतला असता. माझ्या सख्ख्या भावाचा घेतलाय. पण मी मधे हात घातला.

"राहू द्या," मी म्हणालो. "घरचा माणूस आहे. व्याही आहे माझा."

कोल्दोनं तुकडा उचकटला, तोंडात टाकला, कुरकुर चावला. मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. त्याच्या मिशीला केशर लागलं होतं.

"तुमच्या बागेत," तो म्हणाला, "जूनमध्ये दुपारी सावली असते का?"

मला पुढचं नीट आठवत नाही. नेलो म्हणतो मी खुर्चीवर चढलो. मी म्हणतो तो चढला. दोघांनी मिळून जी आरोळी ठोकली ती भिंतीपलीकडे ऐकू गेली असावी, कारण तिकडून कोणीतरी उत्तर दिलं.

"आनंद!" सेंतो गरजला. "आनंद दिसला!"

"लग्नाचा आहे!" मी ओरडलो.

"गोलाचाच आहे! उशिरा पोचला!"

तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. मफलर ओरबाडून घेतले, पळीनं बोळापर्यंत हाकललं. पाएया रिकामीच झाली होती, त्यामुळे आमचं काही नुकसान झालं नाही. कोल्दो मात्र शटरपाशी वाकून पुन्हा आत डोकावला.

"एक विचारायचं राहिलं," तो सेंतोला म्हणाला. "लग्नाचा भात कोण करणार?"

"वटवाघळाच्या घरी?" सेंतो म्हणाला. "मेलो तरी नाही."

"मला माझा संघ हरताना कळलं नाही," कोल्दो म्हणाला. "आजवर असं झालेलं नाही. बायको बाळंत होत होती तेव्हासुद्धा स्कोअर माहीत होता."

सेंतोनं पळी सदऱ्याला पुसली, उलटी करून पुन्हा पुसली. असली स्तुती माणसाला ऐकून सोडून देता येत नाही. शेवटी म्हणाला, "चुलीत लाकडं नवरीच्या बापानं घालायची. मी सांगेन तेव्हा, मी सांगेन तेवढीच. आमचा मफलर घालून."

आम्ही स्टेडियममध्ये पोचलो तेव्हा उत्तरार्ध सुरू होता. कोल्दो बसल्या बसल्या झोपला आणि सिंहांवर दुसरा गोल झाला तेव्हा घोरत होता.

संध्याकाळी तोनिकाला फोन केला. तिनं "टेबलं किती?" एवढंच विचारलं. मागून सासूबाईंचा आवाज आला, "विचार त्याला, भातात कांदा तर नाही ना?"

यातून पुढे एक घोटाळा झाला. आम्ही जिंकलो होतो. मंडळात नेलोनं पुन्हा ठराव मांडला की, वोरो बेडकांचा भात खातो तेव्हा संघ जिंकतो. मी दोन्ही हात खाली धरून बसलो, तरी तो पास झाला. तेव्हापासून आमच्या मैदानावर सामना असला की मंडळ मला बोळापर्यंत सोडायला येतं. आणि सेंतो मला आत घेत नाही, कारण त्याच्याही मंडळाचं मत तेच आहे. मी शटरपाशी वाकून विनवण्या करतो. तो आतून म्हणतो, "जा रे, पनवती." म्हातारा बेडूक कधी कधी शटरखालून चमचाभर सरकवतो. चमचाभर मिळाला तर बरोबरी होते, असं नेलोचं निरीक्षण आहे. रेमेइनं शटर पुन्हा उघडलंय, पण मला तिथे जायला बंदी आहे.

लग्न जूनमध्ये झालं. बागेत सावली होती. मी बेडकाचा मफलर घालून चुलीत लाकडं घातली, सेंतो सांगेल तेव्हा, सांगेल तेवढीच, आणि सासूबाई खुर्चीत बसून आम्हा दोघांनाही चुका दाखवत होत्या. कोल्दो माझ्या शेजारी बसला. त्यानं चमचा उचलला, आमच्या दोघांच्या मधली रेघ हवेतच मला आखून दाखवली, आणि इमानदारीनं आपल्या बाजूनं खायला लागला.

मी त्या दिवशी माझी खरवड रेघेच्या अगदी काठाशी ठेवली होती. आणि मग नवरा-नवरीकडे बघण्यासाठी बराच वेळ मान दुसरीकडे वळवली.